खिंडीतले तांबडे दिवे

लोक कोकणात मासे खायला जातात, देवाला जातात, नाहीतर भावकीतल्या जमिनीचा निकाल लावायला जातात. आम्ही काळोख शोधायला गेलो होतो. ठाण्यात काळोख मिळत नाही. आमच्या गच्चीवरून रात्री वीसेक तारे दिसतात आणि त्यांतलं एखादं विमान निघतं. "काळोख बघायला रजा घालवायची?" असं माझ्याबरोबर टेलिफोन खात्यात काम करणाऱ्या बाईंनी निघताना विचारलं होतं. परत आल्यावर त्यांना नेमकं काय सांगावं ते मला सुचेना. तेव्हा लिहूनच काढते.

आम्ही म्हणजे मी आणि वर्तक काका. हौशी आकाशनिरीक्षकांचं आमचं एक लहानसं मंडळ आहे, त्यात काका सगळ्यांत वडील. जन्मभर नकाशे काढायची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हातानं काच घासून दुर्बिणीचा आरसा तयार केला. ग्रहणं, धूमकेतू यांचं त्यांना फारसं अप्रूप नाही. त्यांच्या डोक्यात एकच किडा आहे, तो म्हणजे पृथ्वीच्या वाटेवर येणारे दगड. त्याच वर्षी, अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये, एक लघुग्रह तीस वर्षांनी आपल्यावर आदळू शकतो अशी बातमी पेपरात आली होती, आणि लगोलग 'नाही आदळणार' अशीही आली. लोक हसून मोकळे झाले. काका हसले नाहीत. "कुणाच्या तरी कपाटात त्याचा जुना फोटो सापडला, त्यावरून त्याची वाट पक्की कळली, म्हणून 'नाही' म्हणता आलं," ते म्हणाले. "फोटो नसता तर?"

डिसेंबरात त्यांना परदेशातल्या एका हौशी मित्राचा निरोप आला. नुकताच सापडलेला एक लहानसा दगड पृथ्वीजवळून जाऊन आता सूर्याकडे निघाला होता. संध्याकाळी पश्चिमेला थोडे दिवस दिसेल, मग सूर्याच्या उजेडात बुडेल. त्याआधी जितक्या ठिकाणांहून त्याची जागा मोजली जाईल तितकं बरं, नाहीतर तो हरवणार. अशा दगडाचं हरवणं म्हणजे घरात साप दिसून मग दिसेनासा होण्यासारखं आहे.

मोजायची रीत सोपी आहे. आकाशाच्या एकाच तुकड्याचे तासाभराच्या अंतरानं दोन फोटो घ्यायचे आणि शेजारी शेजारी ठेवून बघायचे. तारे जागच्या जागी असतात. जो ठिपका सरकलेला दिसेल तो दगड. एका फोटोवरून काहीच कळत नाही, कारण त्यात तोही ताऱ्यासारखाच दिसतो. आणि फोटो कधी घेतला ते सेकंदापर्यंत ठाऊक लागतं. ते काम माझं होतं, कारण टेलिफोन ऑपरेटरला घड्याळाची आणि कानाची सवय असते असं काकांचं मत.

वीर, महाड

वीर स्टेशनावर उतरलो तेव्हा दुपार कलली होती. दुर्बिणीची नळी चांगली माणसाएवढी लांब. तिला धक्का लागू नये म्हणून काकांनी ती जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून तीन ठिकाणी सुतळीनं बांधली होती. रिक्षावाल्यानं ती बघितली, काकांचं गंभीर तोंड बघितलं आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताई, मयत हाय काय? मयत आपन घेत नाय."

चादर सोडून नळी दाखवल्यावर तो वरमला, पण महाडपर्यंत आरशातून मागे बघायचं काही त्यानं सोडलं नाही.

महाडात आमचे यजमान होते इक्बालभाई. त्यांचा बाजारात फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि उरलेल्या वेळात चंद्राचे फोटो. फिल्म धुवायला अंधारी खोली आणि जायला-यायला जीप, दोन्ही त्यांच्याकडे होती, त्यामुळे काकांना ते देवासारखे वाटत. त्यांच्या घरी तांदळाची रोटी आणि मटणाचा रस्सा इतका उत्तम होता, की मी लाज गुंडाळून तिसऱ्यांदा वाढून घेतला. शाकाहारी काकांनी आंब्याच्या लोणच्याशी रोटी खाल्ली आणि माझ्याकडे बघणं टाळलं.

संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. "मार्चमध्ये या, इथे पाय ठेवायला जागा नसते," इक्बालभाई म्हणाले. त्या दिवशी पायऱ्यांवर आम्ही तिघंच होतो. पाणी अगदी स्थिर होतं. डास चावायला लागेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

उतेकरवाडी

दुसरा दिवस अमावस्येचा. आम्ही मुद्दाम निवडलेला, कारण चंद्राचा उजेड नको, आणि दगड दिसायचा तो शेवटचाच दिवस होता. पोलादपूर मागे टाकून जीप आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागली. थोडं चढून गेल्यावर इक्बालभाईंनी ती कडेला लावली. तिथून पायवाटेनं एक खिंड ओलांडली की पलीकडे खाली उतेकरवाडी. पंधरावीस घरं, एक शाळा, एक देऊळ आणि भोवती सगळे डोंगर. दोनच दिवे रस्त्याला, तेही अधूनमधून लागणारे. काका खूश झाले.

पोलीस पाटलांच्या घरी जेवायला थांबलो. तात्या उतेकर, साठीचे, आवाज असा की पलीकडच्या डोंगरानं ओ द्यावी. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या मिरचीचा ठेचा. वाढायला त्यांची सून होती, मंगल. पोटुशी होती, नवरा मुंबईला टॅक्सी चालवतो. दिवस भरायला अजून महिना आहे, मग महाडला माहेरी पोचवू, असं पाटलीणबाई म्हणाल्या.

काकांनी आपल्या सवयीप्रमाणे जेवतानाच दगडाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मंगल भाकरीची टोपली हातात धरून ऐकत राहिली.

"म्हंजे तो पडनार हाय?" तिनं विचारलं.

"हा नाही पडणार. पण असा एखादा पडेलच कधीतरी."

"कुनाच्या घरावर?"

"तेच तर बघायचं आहे," काका म्हणाले. मंगलनं पोटावरचा पदर नीट केला आणि आत गेली. मला काकांचा राग आला. गरोदर बाईपुढे बोलायची ही गोष्ट आहे का?

निघताना काकांनी तात्यांना विनंती केली की अंधार पडल्यावर दोनेक तास दिवे लावू नका, आम्ही शाळेच्या पटांगणात काम करणार आहोत. तात्या खळखळून हसले. "लाइट असतंय कुटं आमच्याकडं! आनि आज आवस. आज दिवेलागनीनंतर कोन भाईर पडत नाय."

हे आम्ही ऐकलं आणि आमच्या सोयीचं आहे म्हणून सोडून दिलं.

चारच्या सुमाराला काकांनी शाळेच्या पटांगणात उभं राहून हातानं कोन मोजला आणि कपाळाला हात लावला. पश्चिमेचा डोंगर आडवा येत होता. दगड मावळतीला, आणि मावळतीच डोंगरामागे. आकाश मोकळं होतं ते फक्त वर, खिंडीत. तात्या गुरं बघायला गेले होते. हाकेच्या अंतरावरच तर जायचंय, सांगायचं काय, असं म्हणून आम्ही तिघांनी सामान उचललं आणि खिंडीत चढलो.

खिंड

अंधार डोंगरात वेगळ्या तऱ्हेनं पडतो. आपल्याकडे तो वरून उतरतो. इथे तो खालच्या दरीतून वर भरत आला. आधी घरं बुडाली, मग शाळा, मग देवळाचं शिखर, आणि शेवटी आमचे पाय. वर तारे इतके निघाले की मला गरगरायला झालं.

आकाशवाल्यांची एक शिस्त असते. पांढरा उजेड डोळ्यांवर पडला की अंधाराला सरावायला पुन्हा अर्धा तास लागतो, म्हणून बॅटरीच्या काचेवर तांबडा जिलेटीन कागद बांधतात. मोठ्यानं बोलत नाहीत. काका दुर्बिणीपाशी, मी रेडिओपाशी, आणि इक्बालभाई जड बॅटऱ्या आणायला जीप ते खिंड अशा फेऱ्या घालत होते. तिघांच्या हातात तीन तांबडे दिवे, कड्याच्या वाटेवरून संथ सरकणारे. रेडिओवर दिल्लीचा वेळसंकेत लावला होता. दर सेकंदाला एक टिक. त्या शांततेत ती टिकटिक दरीत उतरत होती आणि समोरच्या डोंगरावरून परत येत होती.

पहिला फोटो नीट झाला. मी वेळ टिपली. आता तासाभरानं दुसरा.

तास भरत आला, तेवढ्यात खाली वाडीत उजेड हलले. चारपाच कंदील आणि बॅटऱ्या एका ठिकाणी जमल्या आणि रांगेनं वाट चढू लागल्या. काका वैतागले. "बघायला निघाले सगळे! उजेड आणून सत्यानाश करतील. इक्बालभाई, थांबवा त्यांना."

इक्बालभाई कड्याच्या टोकाला गेले आणि ओरडून शांतता मोडायला नको म्हणून त्यांनी तांबडा दिवा हवेत गोल गोल फिरवला.

खालचे दिवे जागच्या जागी थांबले. मग ते मागे वळले आणि धावत सुटले. एक खाली पडून विझला. आणि मग सगळ्या वाडीतला एकूण एक दिवा गेला. पाटलांच्या ओसरीवरचा, देवळातला, रस्त्याचासुद्धा.

"वा!" काका म्हणाले. "याला म्हणतात सहकार्य."

माझ्या अंगावर मात्र काटा आला. वाडी झोपली की तिचे काहीतरी आवाज असतात, भांडं पडतं, कुणी खोकतं, कुत्रं भुंकतं. इथे यातलं काहीच नव्हतं. दुपारी आमच्या पायांत घुटमळणारी कुत्री कुठे गेली? खाली नुसता काळा खड्डा दिसत होता आणि त्यात आमची टिकटिक पडत होती. कुणीतरी श्वास रोखून आमच्याकडे बघत आहे अशी माझी खात्री झाली, आणि मी काकांच्या जवळ सरकले.

काकांनी दुसरा फोटो सुरू केला. वीस मिनिटं झाकण उघडं राहायला हवं होतं. पाचएक मिनिटं गेली असतील नसतील, खालून एक आवाज आला. बाईचा. लांबट, घशातून निघालेला, आणि मधेच कुणी तोंडावर हात ठेवावा तसा तुटलेला.

इक्बालभाई पुटपुटत काहीतरी म्हणायला लागले. मला दोन मुलं आहेत. तो आवाज कशाचा ते मला कळलं. मंगल.

मी काकांच्या हातात घड्याळ कोंबलं आणि वाट उतरायला लागले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. सगळी दारं बंद. पाटलांच्या अंगणात एक डोली तशीच टाकलेली, बांबूला घोंगडी बांधून केलेली. तेव्हा कुठे उलगडा झाला. हे लोक आम्हाला बघायला निघालेच नव्हते. मंगलला खिंडीवरून रस्त्यावर न्यायला निघाले होते, आणि आम्ही त्यांना परत पाठवलं होतं.

"मंगल!" मी दार ठोठावलं. "मंगल, दार उघड!"

आतली कुजबुजसुद्धा थांबली. अमावस्येच्या अंधारात दारावर उभं राहून बाळंतिणीला नावानं हाक मारणारी ती कोण, हे त्यांच्या बाजूनं बघितलं तर सरळ होतं. मी तांबडा कागद फाडून काढला आणि आपण माणूस आहोत हे दिसावं म्हणून खिडकीसमोर स्वतःच्या तोंडावर बॅटरी मारली. आत कुणीतरी किंचाळलं.

मग पाटलीणबाईंचा आवाज आला, दाराला अगदी लागून. "पाय दाव."

"मावशी, मी दुपारी जेवायला..."

"पाय दाव पयले."

मी उंबऱ्यापाशी पाय ठेवून उजेड पाडला. दाराच्या खालच्या फटीतून कुणीतरी बघत होतं.

"ह्ये काय? पायतान काढ."

मी बूट काढले, मोजे काढले. शेणानं सारवलेल्या थंड अंगणात दोन्ही पाय जोडून, बोटं दाराकडे करून उभी राहिले. आयुष्यात कुणी माझे पाय इतके बारकाईनं बघितले नसतील. मंगल आत कण्हत होती आणि मी आपली उभी. शेवटी कडी निघाली.

"सुलट हायत," पाटलीणबाई मागे वळून म्हणाल्या, आणि त्यांनी मला आत घेतलं.

मंगल चटईवर होती. वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या, आणि म्हातारी सुईण म्हणत होती की मूल आडवं आहे, माझ्यानं व्हायचं नाही, दवाखाना गाठा. पण तात्या आणि डोलीवाले चौघं भिंतीला टेकून बसले होते. दुपारचा तो गडगडणारा माणूस आता कुजबुजत होता.

"ताय, वेताळाची पालखी हाय खिंडीत. आमी डोळ्यानं बघितली. दिवटीनं 'मागं फिरा' सांगितलं आमाला. पालखी आडवी गेली तं मानूस वाचत नाय."

"तात्या, ते आम्ही आहोत! बॅटरीला तांबडा कागद आहे."

"आनि त्यो आवाज? टाक टाक टाक?"

"रेडिओ आहे."

तात्यांनी मान हलवली. "तुमी शाळंत हुता. खिंडीत दुसरं हाय."

मंगलनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. मी अंगणात धावले आणि वर तोंड करून जीव खाऊन ओरडले. "काका! कागद काढा! पांढरे दिवे लावा! मंगलला न्यायचंय, हे लोक तुम्हाला घाबरलेत!"

माझा आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला. वर तांबडा ठिपका तसाच होता. टिक, टिक, टिक. दुसरा फोटो अर्ध्यावर होता हे मला माहीत होतं, आणि उद्या तो दगड दिसणार नाही हेही. खोटं कशाला बोलू, आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला. त्याची मला किळस आली आणि मी पुन्हा ओरडले.

टिकटिक थांबली. मग खिंडीत पांढरा उजेड लागला, एक, मग दुसरा. आणि त्या उजेडात काका दिसले, दुर्बिणीला पाठ करून, बॅटरी स्वतःवर धरून उभे. स्वेटर, मफलर, डोक्यात माकडटोपी.

तात्या बराच वेळ बघत राहिले. "वेताळ माकडटोपी घालत नाय," ते म्हणाले आणि पोरांना म्हणाले, "उचला रे."

चढण अवघड होती. डोलीत मंगल उताणी, ओठ दाताखाली. खिंडीत आल्यावर चौघांनी पावलं आखडली. काका वाट सोडून काट्यात उभे राहिले आणि त्यांनी जमिनीवर उजेड धरला. डोली त्यांच्या अंगावरून गेली. जीप सुरूच होती.

पोलादपूर

सरकारी दवाखान्याच्या बाकावर आम्ही पहाटेपर्यंत बसलो. पाटलीणबाई माझ्याशेजारी होत्या, पण मधे एक वीत अंतर ठेवून. मधूनच त्यांची नजर माझ्या पायांकडे जायची. काका एकदाही फोटोविषयी बोलले नाहीत. उजाडताना आतून रडण्याचा आवाज आला, बारीक आणि चिडका. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप आहेत असं नर्सनं सांगितलं तेव्हा मी इतकी रडले की पाटलीणबाईंनाच मला पाणी द्यावं लागलं. तेव्हा त्या ते एक वीत अंतर विसरल्या.

इक्बालभाईंनी महाडला जाऊन फिल्म धुतल्या. दुसरा फोटो पांढराफटक निघाला. पहिला मात्र सुरेख आला होता, काळ्याभोर कागदावर शेकडो ठिपके. तिसऱ्या दिवशी, ठाण्याला परत निघायच्या आधी, आम्ही फळं घेऊन दवाखान्यात मंगलला भेटायला गेलो.

"झालं का तुमचं काम?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"एक फोटो आला," काका म्हणाले आणि त्यांनी तो मंगलला दाखवला. "यात तो दगड आहे. पण कुठला ते आता कळायचं नाही. त्याला दुसरा फोटो लागतो."

मंगलनं फोटो मांडीवर घेतला. बाळ तिच्या कुशीत जागं होतं. तिनं वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. ना मोठा, ना लहान, इतरांसारखाच एक.

"ह्यो."

"कशावरून गं?" काका हसून म्हणाले.

"डोलीत वर तोंड करून हुते मी. बाकीचे समदे मागं ऱ्हायले. ह्यो येक माझ्यासंगं चालत हुता. पार जीपपावत."

मी तिला समजावून सांगितलं. तो दगड नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. इतका मंद आहे की काकांच्या आरशातूनसुद्धा डोळ्याला दिसत नाही, फिल्मवर तेवढा उमटतो. डोली हलत असली की असे भास होतात. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. काकांचं हसू मावळलं होतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"आमाला बघत हुता," मंगल म्हणाली. बोट तिथून न उचलता तिनं दुसऱ्या हातानं बाळाच्या तोंडावर पदर ओढला.